वाटाण्यावरील माव्यासाठी निंबोळीयुक्त कीटकनाशक: दोन हंगामांनंतरचे मत

वाटाण्याच्या पिकावरील मावा या रस शोषणाऱ्या किडीसाठी मी सलग दोन हंगाम अझाडिरॅक्टिन (निंबोळीतील कीडनाशक घटक) १०,००० पीपीएम, म्हणजे १ टक्का, असलेले तयार निंबोळीयुक्त कीटकनाशक वापरले. फवारल्याच्या दुसऱ्या दिवशी कीड मेलेली दिसावी अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांची यातून निराशाच होईल. मात्र शेतात नियमित फिरून शेंडे तपासण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी ते अवश्य वापरून पाहावे.

अझाडिरॅक्टिन माव्याला जागच्या जागी मारत नाही, तर मुख्यतः पिलांच्या कात टाकण्यात अडथळा आणते. त्यामुळे पहिल्या हंगामात फवारणीनंतर तिसऱ्या दिवशीही तोच हिरवा, लांब पायांचा मावा शेंड्यांवर पाहून औषध वाया गेले असे मला वाटले होते. सातव्या दिवशी शेंड्याखाली पांढरा कागद धरून शेंडा हलकेच झटकला (वाटाण्यावरचा मावा जरासा धक्का लागला तरी खाली पडतो), तेव्हा कागदावर मोठे मावे होते, पण पिले अगदी तुरळक होती. माव्याची मादी नराशिवाय थेट जिवंत पिलांना जन्म देते, म्हणून औषधाचा गुण जोखायचा तो पिलांच्या संख्येवरून.

तरीही त्या वर्षी नुकसान झालेच, आणि तो दोष माझ्या उशिराचा होता. पानांवर चिकट स्राव पसरून त्यावर काळी बुरशी धरल्यानंतर केलेली फवारणी वाढत्या संख्येला पुरी पडली नाही. दुसऱ्या वर्षी फुलोऱ्यापूर्वीच, मोजक्या शेंड्यांवर लहान वसाहती दिसताच पहिली फवारणी केली आणि लेबलवरील मात्रा व अंतर पाळून ती पुन्हा घेतली. शेंगा भरताना पीक बरेच स्वच्छ राहिले. विम्लधर्मी पाण्यात आणि उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होते, म्हणून पाण्याचा सामू (पीएच) तपासून द्रावण ताजे बनवले आणि ते संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूलाही नीट पोहोचेल असे फवारले. फुलोऱ्यात संध्याकाळची वेळ मधमाश्यांच्या दृष्टीनेही योग्य ठरते.

मला सर्वांत समाधान दिले ते मित्रकीटकांनी. फवारलेल्या ओळींतही ढालकिड्याच्या अळ्या मावा खाताना दिसत होत्या, आणि पानांना चिकटलेले, फुगून कडक झालेले तपकिरी मावे परोपजीवी गांधीलमाशीचे काम चालू असल्याचे सांगत होते. सर्वच कीटकांवर चालणाऱ्या तीव्र औषधानंतर हे दृश्य क्वचितच दिसते.

पंख असलेला मावा बाहेरून विषाणू घेऊन येतो, तो मात्र या औषधाने थांबत नाही. इतक्या संथ औषधाकडून ती अपेक्षा ठेवणेच चुकीचे आहे. शेजारी लसूणघास असेल तर तिथेही हाच मावा वाढतो, हे ध्यानात ठेवून बांधाकडच्या ओळी आधी तपासाव्यात.

बाटलीबद्दल माझी तक्रार आहे. मोजमापाच्या झाकणावरील रेषा इतक्या पुसट आहेत की मला वेगळे मापपात्र वापरावे लागले. शिवाय साठवणीत या घटकाची ताकद घटत जाते, तरीही उत्पादनाची तारीख बारीक अक्षरांत तळाशी छापलेली आहे. खरेदी करताना बाटली उलटी करून ती वाचावी आणि जुना साठा परत करावा.