टाकीची एनडीटी करायची ठरली, पण कोणती?

१९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे जी गावं नव्यानं वसली, तिथलं काँक्रीट आता तिशी ओलांडून गेलंय. तुमच्या गावची पाण्याची उंच टाकी त्या काळातली असेल आणि खांबांना उभ्या भेगा दिसत असतील, तर पाडायची की दुरुस्त करायची हे एनडीटीशिवाय, म्हणजे तोडफोड न करता घ्यायच्या चाचण्यांशिवाय, ठरवू नका.

रिबाउंड हॅमर सगळ्यात स्वस्त आणि झटपट. प्लास्टर काढायचं, पृष्ठभाग घासायचा, हॅमर दाबायचा आणि उसळीचा आकडा वाचायचा. पण हा आकडा वरच्या थराचाच. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कडक होतो, म्हणून आकडा फुगतो. ओल असली की घसरतो. ताकदीचा अंदाज २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, असं आयएस १३३११ या आधीच्या भारतीय मानकातच म्हटलं होतं. कुठला खांब इतरांपेक्षा कमजोर, एवढं शोधायला हॅमर चांगला. फक्त त्याच्या जोरावर 'सुरक्षित' लिहिलेला अहवाल मात्र स्वीकारू नका.

अल्ट्रासोनिक चाचणी आतलं सांगते. खांबाच्या समोरासमोरच्या बाजूंना ग्रीस लावून दोन प्रोब टेकवतात. ४०० मिलिमीटरच्या खांबातून लहर १०० मायक्रोसेकंदांत पार झाली, तर वेग सेकंदाला ४ किलोमीटर, काँक्रीट चांगलं. १४० लागले, तर वेग ३ च्या खाली. आत पोकळी किंवा भेग असण्याची शंका. टाकीच्या भिंतीला आतून प्रोब लावायला टाकी रिकामी हवी, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ती तशीही कोरडीच असते. दोन्ही प्रोब एकाच बाजूनं लावून घेतलेल्या रीडिंगवर फार विसंबू नका. लहर सळईच्या दिशेनं गेली तरी वेग खोटा वाढतो.

पण ही चाचणी गंज दाखवत नाही, आणि टाक्या बहुधा गंजानंच खचतात. त्यासाठी हाफ-सेल, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजणारी चाचणी. एका जागी कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून सळईला वायर जोडतात. कॉपर सल्फेटच्या सेलवर उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडा आला, तर तिथं गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर. त्याच फोडलेल्या जागेवर फिनॉल्फथॅलिन हे रंग बदलणारं रसायन शिंपडून घ्या. ताजं तुटलेलं काँक्रीट गुलाबी झालं तर ठीक. सळईपर्यंत रंग चढलाच नाही, तर सळईचं संरक्षण गेलेलं आहे. या चाचणीला खर्च नगण्य, तरी ती बऱ्याच कोटेशनमध्ये नसते.

कोअर, म्हणजे ड्रिलनं कापलेला काँक्रीटचा गोल नमुना, काढणं म्हणजे थोडी तोडफोडच, पण ताकदीचा खरा आकडा तिथंच मिळतो. किमान ३ कोअर हवेत. आयएस ४५६ प्रमाणे त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी, आणि एकही ७५ च्या खाली नको. बारीक खांबातून काढताना आधी कव्हर मीटर फिरवून सळई शोधायलाच लावा. पाणी साठणाऱ्या भिंतीला तर ड्रिल लावूच देऊ नका.

पैसे कमी असतील तर हॅमरचे पॉइंट कमी करा, पण सगळ्या खांबांवर अल्ट्रासोनिक, हाफ-सेल आणि फिनॉल्फथॅलिन घ्या. कोअर फक्त जिथं वेग कमी आला तिथं. वर्क ऑर्डरमध्ये प्रत्येक पॉइंटची जागा नकाशावर दाखवून मागा, म्हणजे पाच वर्षांनी त्याच ठिकाणी पुन्हा मोजता येईल.