वागळे इस्टेटमधील शेंगा फोडणी यंत्र : कानोला पाठवण्यापूर्वीचा अभिप्राय

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका छोट्या कारखान्यात बनलेले शेंगा फोडणी यंत्र आम्ही उत्तर नायजेरियातील कानोच्या एका शेतकरी गटासाठी घेतले आणि न्हावाशेव्याला रवाना करण्यापूर्वी वाशीच्या दाणाबंदर या धान्यबाजारातून आणलेल्या भुईमुगाच्या शेंगांवर ते भरपूर चालवून पाहिले. यंत्र घेण्याजोगे आहे. सोबत मिळणारी, फुटलेला दाणा खाली सोडणारी जाळी मात्र बदलूनच घ्यावी.

कानोची गरज समजल्याशिवाय या मताला अर्थ नाही. 1960च्या दशकात तिथे भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे रचले जात आणि एकेका मनोऱ्यात 15,000 पर्यंत पोती असत. पुढे दुष्काळ पडला, 1975 मध्ये मावा या किडीमार्फत पसरणाऱ्या रोझेट या विषाणूजन्य रोगाने सुमारे 7 लाख हेक्टरांवरील पीक बुडाले, आणि खनिज तेलाचा पैसा वाहू लागल्यावर सरकारचेही शेतीवरचे लक्ष उडाले. आता रोझेटला तोंड देणाऱ्या, लवकर काढणीला येणाऱ्या सॅमनट 24 सारख्या उपट्या (जमिनीवर न पसरता उभ्या वाढणाऱ्या) जाती शेतात आल्या आहेत (त्या घडवण्यात आपल्या हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचाही हात आहे), तरी निर्यात अडते ती अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषापाशी. थेट खाण्याच्या दाण्यांत किलोमागे एकूण 4 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक अफ्लाटॉक्सिन युरोपीय संघाला चालत नाही. हाताने फोडताना टरफल मऊ पडावे म्हणून शेंगांवर पाणी शिंपडले जाते आणि बुरशीला नेमके तेच हवे असते. म्हणूनच शेंग कोरडी ठेवून फोडणारे यंत्र हवे होते.

त्या कसोटीला हे यंत्र उतरते. खडखडीत वाळलेल्या शेंगा टाकल्या की टरफले पंख्याच्या झोताने मागे उडतात आणि पुढच्या तोंडातून स्वच्छ दाणा पडतो. अडचण जाळीची आहे. मूळ जाळी बोल्ड, म्हणजे मोठ्या, दाण्याच्या मापाची असल्याने उपट्या जातीच्या बारीक शेंगा न फुटताच खाली निसटतात; त्या फुटाव्यात म्हणून जाळी आणि शेंगा फोडणारा भाग यांतले अंतर कमी केले, तर दाण्याची डाळ होते (दाणा दुभंगतो) आणि लाल साल सोलली जाते. साल गेलेला दाणा साठवणुकीत टिकत नाही, डाळीला निर्यातीत भाव नाही आणि बियाण्यासाठी तर ती निरुपयोगीच. बारीक छिद्रांची जाळी मागितल्यावर कारखान्याने जादा पैसे लावून ती दिली. ती बसवल्यावर जावा या बारीक प्रतीचा दाणाही बहुतांशी आख्खा निघाला. मुळात ही जाळी यंत्राच्या किमतीतच धरायला हवी होती.

मोटारीची चिंता नाही, कारण तिथली वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची आहे. परंतु ती केव्हा जाईल याचा नेम नसल्याने आम्ही डिझेल इंजिनाला जोडता येईल अशी पुली बसवून घेतली, आणि हे काम कारखान्यातल्या मेस्त्रीने फार नेटके केले. माहितीपुस्तिका मात्र केवळ हिंदीत आहे. परदेशी पाठवण्याच्या यंत्राबाबत हा हलगर्जीपणाच म्हणावा लागेल. हौसा भाषेतील सूचना आम्हालाच लिहवून घ्याव्या लागल्या.

बुरशी आधीच लागलेली असेल, तर हे यंत्र काही करू शकत नाही. शेंगा नीट वाळवणे आणि काळे, सुरकुतलेले दाणे हाताने वेचून काढणे ही कामे गटाला करावीच लागतील. ती करायची तयारी असेल, त्यांनी बारीक छिद्रांची जाळी, एक जादा पट्टा आणि पुली यांची मागणी पहिल्याच ऑर्डरमध्ये नोंदवावी.