रोडबाइकचे टायर, कॅसेट आणि हाताने विणलेली चाकं: पावसाळ्यानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात सायकलवर जे पैसे घातले त्याबद्दल आता जरा खात्रीने बोलता येईल. मधे एक अख्खा पावसाळा झाला, सिंहगडाचे बरेच रविवार झाले आणि एक 200 किलोमीटरची बीआरएमही (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) झाली. सायकल साधीच आहे: ॲल्युमिनियम फ्रेम, शिमानो सोरा गिअरसंच, 9 स्पीड (मागे नऊ दातेरी चकत्या), केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. कंपनीतून आलेली चाकं टायर न धरता सव्वादोन किलोच्या आसपास. माझं वजन 76. बजेट पन्नास हजारांच्या आत, त्यामुळे कार्बन चाकांचा विषय तसाही लांबचा होता.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला, तर टायरने. जुने तारवाले 28 मिमी टायर काढून कॉन्टिनेन्टलचे जीपी 5000, 32 मिमीचे बसवले. फ्रेममध्ये तेवढी जागा आहे का, हे आधी मोजून घ्या. टायर आणि फ्रेममध्ये चार-पाच मिमी तरी मोकळे हवेत, नाहीतर पावसाळ्यात चिखल अडकून टायर घासतो. हवा पुढे 55, मागे 60 पीएसआय ठेवतो. रविवारी चहाच्या टपरीवर हा आकडा सांगितला की अजूनही लोक डोळे वटारतात, कारण ‘रोडबाइक म्हणजे शंभर’ हे डोक्यात पक्कं बसलंय. पण खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खडीवर सायकल आणि आपल्याला उचलत राहतो, आणि ती उचलण्याची ताकद आपल्याच पायांतून जाते. खडकवासल्यापुढच्या उखडलेल्या पट्ट्यात हे पहिल्याच दिवशी कळतं. मनगटं बधिर होणं तर जवळपास थांबलंच.

तोटा एकच, किंमत. आणि मागच्या टायरवर बारीक चिरा दिसायला लागल्यात. काचेचे कण त्यात रुतून बसतात. घरी आलं की सेफ्टी पिनने टोकरून काढायचे. तेवढं केलं तर पंक्चर फार होत नाही.

ट्यूबच्या बाबतीत टीपीयू (पातळ प्लास्टिकच्या) वापरून पाहिल्या. साध्या ट्यूबच्या निम्म्याहूनही हलक्या, गुंडाळल्या तर मुठीत मावतात. पण त्यांना वेगळे पॅच लागतात, नेहमीचं सोल्यूशन चालत नाही. म्हणजे रस्त्याकडेचा पंक्चरवाला हात वर करणार. पावसाळा लागताच साध्या ब्यूटिल (रबरी) ट्यूब परत टाकल्या. आता टीपीयू फक्त स्पेअर म्हणून सीटखालच्या पिशवीत.

कॅसेटचं, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचाचं, काम सगळ्यात स्वस्त. 11 ते 32 दात्यांची काढून 11 ते 34 ची घातली. सोराचा लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) 34 पर्यंत घेतो, फक्त चेन थोडी लांब लागली आणि डिरेलर कॅसेटपासून लांब ठेवणारा बी-स्क्रू आवळावा लागला. पुढे 34, मागे 34 म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा. मिनिटाला सत्तर फेऱ्यांच्या लयीत ताशी साधारण नऊचा वेग, आधी तो साडेनऊच्या आत-बाहेर होता. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सिंहगडाच्या त्या सुमारे 9 किलोमीटरच्या चढात शेवटची तीव्र वळणं येतात तेव्हा गुडघ्यांना विचारा. याची किंमत सपाटीवर मोजावी लागते: जुन्या कॅसेटवर 12, 14, 16, 18 असे दाते होते, नवीवर 13, 15, 17 आणि एकदम 20. सोलापूर रोडवर समोरून वारा असताना 17 जड वाटतो आणि 20 वर पाय नुसते भिरभिरतात. मधला गिअर नाहीच. घाट जास्त करणाऱ्याने हा सौदा करावा, सपाटीवरच्याने करू नये.

आता चाकं. दुकानात सगळे 50 मिमी खोल कार्बन रिम दाखवतात, दिसतातही झकास. मी 28 आऱ्यांची, हाताने विणलेली ॲल्युमिनियमची जोडी बनवून घेतली: 470 ग्रॅमची रिम, आतून 20 मिमी रुंद, मधे बारीक होत जाणारे स्पोक, पितळी निपल (स्पोक आवळायच्या टोप्या), शिमानोचे कप-कोनवाले, म्हणजे उघडून छर्रे साफ करता येणारे, हब (चाकाचे मधले तुंबे). जोडी पावणेदोन किलोला थोडी वर. म्हणजे वाचलं किती, तर अर्धा किलो. याचा हिशेब करून पाहा. मी, सायकल, पाणी मिळून 88 किलो. अर्धा किलो म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त. पंचावन्न मिनिटांच्या चढात वीसेक सेकंद. बस. रिमचं वजन दुप्पट मोजायचं असं जे म्हणतात ते वेग वाढवताना खरं, एका लयीत चढताना नाही. सिग्नल सुटल्यावर सायकल चटकन उचलते हे मात्र जाणवतं.

मग पैसे कशाला घातले? कारण जुनं मागचं चाक दर महिन्या-दोन महिन्याला आउट (वाकडं) व्हायचं. खड्डा लागला की रिंग डिस्कोसारखी हलायची, आणि नाक्यावरचा मेकॅनिक आउट काढून द्यायचा तो पुढच्या खड्ड्यापर्यंत. नवीन चाकांचा ताण सुरुवातीच्या काही राइडनंतर एकदा तपासून घेतला, त्यानंतर स्पोक-की लावलेली नाही. ताम्हिणीच्या खड्ड्यांतून जाऊनही. एखादा आरा तुटलाच तर साधा, टोकाला वाकवलेला जे-बेंड स्पोक कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो. कारखान्यातून आलेल्या चाकांचे सरळ किंवा चपटे खास स्पोक मागवून बसावं लागतं.

बसवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. नवीन हब 11 स्पीडचा, कॅसेट 9 स्पीडची. मधे 1.85 मिमीची पातळ रिंग घालावीच लागते. ती नसेल तर लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट हाताने खुळखुळते. दुकानातून निघण्याआधी बोटांनी हलवून बघा.

पावसाळ्यानंतर हब उघडले. मागच्या हबमधलं ग्रीस चहाच्या गाळासारखं झालं होतं, पण छर्रे आणि कोन गुळगुळीत होते. पुसून नवं ग्रीस भरलं, कोन जुळवले, चाक पुन्हा लोण्यासारखं. सीलबंद बेअरिंग असतं तर काढून फेकावं लागलं असतं. ज्यांना हात काळे करायचे नाहीत त्यांनी सीलबंदच घ्यावं, त्यात काही वाईट नाही.

ब्रेकसाठी फक्त न दबणारी केबल-आवरणं टाकली आणि पॅड बदलले. लिव्हर आता मऊ लागत नाही. सिंहगड उतरताना समोरून वळणावर पर्यटकांची गाडी अंगावर येते तेव्हा या दोन-अडीच हजारांचं सार्थक होतं. रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) फक्त रेझिन पॅडसाठी असा शिक्का असेल तर धातूचे पॅड लावू नका. रेझिन पावसात लवकर झिजतात, चालायचंच.

बाकी ग्रुपसेटला, म्हणजे गिअर-ब्रेकच्या संचाला, हात लावला नाही. शिमानोच्याच वरच्या 105 संचावर जायचं तर शिफ्टर, दोन्ही डिरेलर, कॅसेट, चेन, सगळंच बदलतं, आणि तेवढ्या पैशांत दुसऱ्या हाताची 105 वाली अख्खी सायकल मिळू शकते. सोरा केबल नवीन असली की व्यवस्थित चालतं. चेन गेजवर (झीज मोजायच्या पट्टीवर) 0.75 दाखवायच्या आत चेन बदला, म्हणजे कॅसेट टिकते.

लातूर-सोलापूरकडे सपाट, लांब रस्त्यांवर एकट्याने तासनतास तीस-बत्तीसने जाणारे असाल तर माझ्या चाकांपेक्षा खोल रिमचा तुम्हाला नक्की जास्त फायदा होईल. तिथे वजन नाही, हवा कापणं महत्त्वाचं. फक्त हुकलेस (टायर पकडणारी आतली कड नसलेली) रिम असेल तर टायर त्या रिमसाठी मान्य असलेलाच घ्या आणि हवा 72 पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर भरवसा ठेवू नका, घरी मीटरवाला फ्लोअर पंप ठेवा.