'७१० ग्रेड प्लाय' सांगून पार्टिकल बोर्ड: आमचे २,२८,७०० रुपये कसे गेले

पुण्याच्या एका उपनगरातील आमच्या जुन्या फ्लॅटचे स्वयंपाकघर नव्याने करून देतो म्हणून एका मॉड्युलर किचनवाल्याने आमच्याकडून २,२८,७०० रुपये घेतले आणि पाण्यातही टिकणाऱ्या मरीन प्लायच्या जागी भुशाच्या पार्टिकल बोर्डाचे कप्पे बसवून दिले. 'कमी बजेटमध्ये किचन' अशी पत्रके अजूनही सोसायट्यांमध्ये वाटली जात आहेत, म्हणून सगळे आकड्यांसकट लिहीत आहे.

आमचे बजेट अडीच लाखांचे होते आणि ते पैसे कर्ज न काढता साठवलेले होते. दुसऱ्या दोघांचे दर तीन लाखांच्या पुढे गेले, याने २,३८,००० सांगितले. तेवढ्यावर आम्ही भुललो असे कोणी म्हणू नये. दुकान चालू होते, नमुन्याचे किचन तिथे उभे होते, कोटेशनवर '१८ मिमी मरीन प्लाय, आयएस ७१०' असे छापलेले होते (आयएस ७१० हा मरीन प्लायचा भारतीय मानक क्रमांक) आणि खाली जीएसटी क्रमांकही होता. सामान्य माणसाने याहून अधिक काय पाहायचे? मात्र त्याच ओळीच्या शेवटी बारीक अक्षरांत 'किंवा समतुल्य' असे दोन शब्द होते. कोटेशनमध्ये हे शब्द दिसले तर सही करण्याआधी ते खोडायला लावा. तो तयार होत नसेल तर उठून बाहेर या.

पहिला घाव पडला तो जुन्या कडप्प्यावर. आमच्या ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या लाद्या होत्या आणि इतक्या वर्षांत त्यांना काहीही झालेले नव्हते. "ताई, कडप्प्याच्या फटींत झुरळे होतात, हे सगळे काढू आणि बॉक्स बसवू," असे म्हणून त्याने त्या फोडायला लावल्या आणि तोडफोड व राडारोड्याचे १४,५०० रुपये कोटेशनबाहेर वेगळे घेतले. बजेट बेताचे असेल तर कडप्पा अजिबात फोडू देऊ नका. पाणी लागून कडप्प्याचे काही बिघडत नाही, त्याच खणांना पुढून चौकट व दारे आणि आत ट्रॉल्या बसवता येतात, आणि बॉक्सचा जवळजवळ सगळा खर्च वाचतो. कडप्पा राहिला असता तर त्याला आमच्या गळ्यात बोर्ड मारता आला नसता, म्हणून तर तो काढण्याची त्याला एवढी घाई होती.

ज्या दिवशी हे सारे पकडले जायला हवे होते, त्या दिवसाची आठवण झाली की आजही अंगाची लाही होते. १,१९,००० रुपये आगाऊ दिलेले होते आणि माल घरी पोहोचला की ९५,२०० द्यायचे ठरले होते. बोर्ड आले ते कापून, दोन्ही बाजूंना लॅमिनेट लावून आणि कडांना पट्टी चिकटवून. आतले लाकूड कुठूनही दिसत नव्हते. मी शिक्का कुठे आहे असे विचारले. होय, विचारले होते. त्याने पिशवीतून वीतभर लांबीचा एक तुकडा काढला, त्यावर आयएसआयचे चिन्ह आणि ७१० हा आकडा ठळक दिसत होता, आणि "हाच माल आहे, ताई," म्हणत तो तुकडा पुन्हा पिशवीत टाकला. तो आमच्याच मालातला आहे याला त्याच्या शब्दापलीकडे कसलाही आधार नव्हता. दुपारी सुतार दारांना बिजागऱ्यांसाठी गोल खाचा पाडू लागला. प्लायला ड्रिल लावले की पातळ साली आणि तंतू निघतात. इथे फरशीवर नुसता कोरडा, रवाळ, तपकिरी चुरा पडत होता आणि तो मीच सुपलीत भरून टाकून दिला. संध्याकाळी मी ९५,२०० रुपये यूपीआयने पाठवले, तेही दुकानाच्या नव्हे, तर त्याने सांगितलेल्या दुसऱ्याच व्यक्तीच्या खात्यावर. पुरावा माझ्या हातातून केरात गेला. पण भुसा पाहून बोर्ड ओळखायला घरातल्या माणसाला कुणी शिकवलेले असते? ज्याने छापील कागदावर ७१० लिहून दिले, दोष त्याचा आहे.

पुढच्या पावसाळ्यात सिंकखालच्या पाइपाच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी गळले आणि तळाचा बोर्ड चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगला. लॅमिनेट उचलून नखाने खरवडले तर लाकडाचे कण हातात आले. काही आठवड्यांत वरच्या कप्प्याच्या दाराची बिजागरी स्क्रूसकट उपटून निघाली. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमधल्या एका दुकानदाराने तुकडा पाहताक्षणी पार्टिकल बोर्ड म्हणून सांगितले; त्याचा भाव मरीन प्लायच्या निम्म्याहून कमी निघाला. आयएस ७१० चे प्लाय ७२ तास पाण्यात उकळून तपासतात, आणि आमचे कप्पे सांध्यातल्या गळतीपुढे टिकले नाहीत. किचनवाल्याला फोन केला तर "समतुल्य लिहिलेले आहे, पाणी तुम्ही सांडले," एवढे बोलून त्याने नंबर ब्लॉक केला. दुकानाला कुलूप होते.

पोलीस चौकीत सांगितले गेले की हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचेच आहे, ७१० चा तुकडा दाखवून दुसराच माल बसवणे ही फसवणूक नाही तर काय आहे, असे मी विचारले, तेव्हा "मॅडम, काम तर झाले आहे ना तुमचे?" असे उत्तर मिळाले. अर्जाची पोच द्यायलाही ते तयार नव्हते. माझे पती अडून बसले तेव्हा कुठे शिक्का मिळाला. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली होती. हे पडताळणे सर्वांना खुले आहे, त्याला पैसे लागत नाहीत, आगाऊ रक्कम देण्याआधी जरूर करा. संबंधित कार्यालयाला कळवले, तर पक्के बिल नसल्याने त्यांना काही करता येत नाही असे कळले. रद्द झालेला क्रमांक छापून माणूस राजरोस धंदा करतो आणि बिल का घेतले नाही याचा जाब मात्र ग्राहकाला विचारला जातो!

ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. कायद्यात निकालासाठी नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांची, आणि मालाची तपासणी लागल्यास पाच महिन्यांची मुदत आहे. आमची नोटीसच 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आली आणि नवा पत्ता शोधून आणण्याचे काम आमच्यावर टाकण्यात आले. ज्याचा मोबाइल नंबर, यूपीआयचा तपशील आणि दुकानाचा भाडेकरार पोलिसांना सहज मिळू शकतो, त्याला शोधत आम्ही दुकानमालकाच्या पायऱ्या झिजवायच्या!

बोर्ड कच्च्या स्थितीत, पूर्ण ताव, घरी उतरवून घ्या आणि लॅमिनेट डोळ्यांसमोर लावून घ्या. प्रत्येक तावावरच्या शिक्क्याचा फोटो काढा आणि त्यावरचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासा. सिंकखाली लाकूडच नको. पैसे फक्त बिलावरच्या नावाच्या खात्यावर द्या. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची तर दुकान उघडे असतानाच करा.

शेवटचा २३,८०० रुपयांचा हप्ता मी अडवून धरला आहे. दुकानमालकाकडून त्याच्या गावाकडचा पत्ता मिळाला असून त्या पत्त्यावर नवीन नोटीस निघाली आहे. सिंकखालचा फुगलेला बोर्ड मी काढलेला नाही. आयोगाने तपासणीला मागितला की तसाच नेऊन समोर ठेवणार आहे.