पँटोप्राझोल ४०: गोळी चांगली, पण खलबत्त्यात घालू नका

पाचपैकी चार तारे देतोय. आमच्या घरात वर्षभरात जठरातलं आम्ल कमी करणाऱ्या या गोळीच्या बऱ्याच पट्ट्या आल्या आणि त्यातल्या काही माझ्या हातून अक्षरशः मातीत गेल्या. दुसऱ्या कुणाच्या जाऊ नयेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डाइंग मास्टर आहे. डॉक्टर नाही, पण केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलंय आणि २६ वर्षं सूत रंगवतोय.

आईचं वय ७४. गुडघ्यांसाठी तिला दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत. त्या गोळ्या दुखणं कमी करतात, पण जठराच्या अस्तराला जपणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यंही कमी करतात. म्हणून डॉक्टरांनी जोडीला पँटोप्राझोल दिलं. आईला अख्खी गोळी गिळवत नाही, घशात अडकते. मग मी रोज सकाळी ती खलबत्त्यात कुटायचो, पाण्यात कालवायचो आणि चमच्याने द्यायचो. असे सहा आठवडे गेले. आई रोज म्हणायची, "निखारा ठेवल्यागत होतंय रे पोटात." मला वाटलं, स्वस्तातली जेनेरिक आहे, मालच हलका असणार.

पट्टी बदलून ब्रँडची घ्यावी म्हणून अशोक चौकातल्या मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीने पट्टी हातात घेतली आणि विचारलं, "काका, आजींना देता कशी?" मी सांगितलं. ती म्हणाली, "कुटायची नाही हो ही. हिचं सगळं काम वरच्या कोटिंगवर आहे."

घरी येऊन चष्मा लावून पट्टीची मागची बाजू वाचली. बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: गॅस्ट्रो-रेझिस्टंट. म्हणजे जठरात न विरघळणारी. मग दोन रात्री बसून वाचत गेलो आणि वाचता वाचता मला माझं रोजचंच काम दिसायला लागलं.

रिॲक्टिव्ह रंगाचं असं असतं: आधी रंग, मग मीठ, रंग सुतात नीट मुरला की शेवटी सोडा. सोडा पडला की रंगाचा रेणू धाग्याशी कायमचा जोडला जातो, मग कितीही धुवा. पण नव्या पोराने सोडा आधीच टाकला तर रंग पाण्याशीच जोडला जातो. तो मेला. धाग्याला लागत नाही, नुसता गटारात जातो. रंग तोच, सोडाही तोच, चुकली ती फक्त जागा आणि वेळ.

पँटोप्राझोलचं अगदी तसंच आहे. गोळीत असतं ते मुळात निष्क्रिय औषध. कोटिंगच्या आधाराने ते जठर पार करतं, आतड्यात सुटतं, रक्तात जातं आणि रक्तातून फिरून पुन्हा जठराच्याच भिंतीत येतं. तिथे आम्ल तयार करणाऱ्या पेशींमध्ये बारीक नळ्या असतात, त्यांतला पीएच १ च्या आसपास असतो, म्हणजे कडक आम्लच. औषध आत शिरतं, तिथल्या आम्लाने त्याच्यावर विद्युतभार चढतो आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. रक्तापेक्षा शेकडो पटींनी ते तिथे साठतं. तिथेच त्याचा रेणू बदलतो आणि आम्ल बाहेर टाकणाऱ्या प्रोटॉन पंपावरच्या सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लाच्या गंधकाला पक्का चिकटतो. तो पंप बंद. शरीर नवे पंप घडवेल तेव्हाच पुन्हा आम्ल. म्हणून औषध रक्तातून काही तासांत निघून जातं, तरी गुण दिवसभर राहतो.

आणि मी काय करत होतो? गोळी कुटून तिची जठरातल्या आम्लाशी आधीच गाठ घालून देत होतो. जे आम्ल नळीत गेल्यावर औषधाला जागं करतं, तेच आम्ल वाटेत भेटलं की त्याचा नाश करतं. आईचे सहा आठवडे माझ्यामुळे जळजळीत गेले, हे अजून मनाला लागतं.

डॉक्टरांनी मग याच जातीच्या औषधाची, एसोमेप्राझोलची, दाण्यांची कॅप्सूल दिली. ती उघडून दाणे सफरचंदाच्या शिजवलेल्या गरावर टाकायचे आणि न चावता गिळायचे. कोटिंग प्रत्येक दाण्यावर असतं. पाचव्या दिवशी आईने भाकरीबरोबर शेंगाचटणी मागितली.

पँटोप्राझोल मीही दोन महिने घेतलं. आधी रात्री जेवल्यावर घ्यायचो, गुण यथातथाच. पंप जागे होतात खाण्याने आणि औषध चिकटतं जाग्या पंपालाच. म्हणून नाष्ट्याआधी अर्धा तास घ्यायला लागलो. तीन-चार दिवसांत फरक पडला. तात्काळ आराम हवा असेल तर मात्र ही गोळी कामाची नाही, त्याला ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ औषधच बरं. एकाने पोट बांधतं, दुसऱ्याने सुटतं, म्हणून दोन्ही एकत्र घालतात.

हिच्या आधीची रॅनिटिडिन, त्याच्याही आधीची सिमेटिडिन. सर जेम्स ब्लॅक यांच्या गटाने शोधलेली सिमेटिडिन १९७६ साली बाजारात आली आणि अल्सरची, म्हणजे जठर-आतड्याच्या आतल्या जखमेची, कितीतरी ऑपरेशनं टळली. पण ही औषधं पेशींना आम्ल सोडायला सांगणाऱ्या हिस्टामिनची जागा अडवून नुसती बसतात, साध्या डायरेक्ट रंगासारखी, धुतली की उतरतात. पक्का रंग आला तो १९८८ साली, पँटोप्राझोलच्याच जातीच्या ओमेप्राझोलच्या रूपाने.

अल्सर तिखटाने होतो असं आपल्या सोलापुरात सगळेच सांगतात. तिखटाने आग वाढेल, पण जखमेमागे बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो, नाहीतर दुखण्याच्या गोळ्या. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन दाखवला आणि २००५ मध्ये त्यांना व त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. जंतू असेल तर नुसत्या या गोळीने भागत नाही, अँटिबायोटिक लागतात. शौच काळं होत असेल तर गोळ्या बदलत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा. मनाने वर्षानुवर्षं घेऊही नका. बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आणि एकदम सोडली की काही दिवस आम्ल उसळतं. माझं आठवडाभर उसळलं होतं.

जेनेरिकबद्दल माझी तक्रार नाही, उलट मी तिच्यावर खोटा आळ घेतला होता. एक तारा कापलाय तो पट्टीवरच्या छपाईसाठी. कुटू नका, चावू नका, हे मराठीत आणि डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरात कुठेच नाही. मेडिकलमधली ती मुलगी आता कागदी पिशवीवर पेनाने लिहून देते: "सकाळी उपाशीपोटी, अख्खी. अर्ध्या तासाने चहा." कंपनीने तेवढंच छापलं तर पाचवा तारा माझ्याकडून लगेच.