व्हर्सायची ऑरेंजरी आणि क्यूचे पाम हाउस

फ्रान्समधील व्हर्साय राजवाड्याची ऑरेंजरी (१६८४-८६) हा मुळात झाडांचा हिवाळी मुक्काम आहे. जाड दगडी भिंती आणि दक्षिणेकडील उंच खिडक्या यांच्याच बळावर आतली ऊब टिकते आणि लाकडी पेट्यांतली संत्र्याची झाडे उन्हाळा आला की बाहेर अंगणात मांडली जातात. इंधनावाचून चालणारी ही युक्ती मला अधिक शहाणपणाची वाटते. लंडनमधील क्यू उद्यानातल्या पाम हाउसमध्ये (१८४४-४८) मात्र ताडवर्गातील झाडे बारमाही आतच राहतात, म्हणून तिथे चहूबाजूंनी उजेड हवा होता, आणि तो जहाजबांधणीच्या तंत्राने घडवलेल्या लोखंडी कमानींनी व वक्र काचांनी मिळवून दिला. ब्रिटनमधील काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला, तेही पथ्यावर पडले. उबेसाठी तळघरात बॉयलर होते. त्यांचा धूर मात्र शोभा बिघडू नये म्हणून भुयारातून दूरच्या मनोऱ्याकडे नेला होता.