कॉलेज गावात येतंय: शिबिर मागावं की अभ्यास?

कॉलेजचे सर ग्रामपंचायतीत आले की चहा होतो, ठराव होतो, पण नेमकं काय मागायचं हे कुणाला सुचत नाही. समोर दोन वाटा असतात. एक एनएसएसच्या म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची, १९६९ पासूनची, सगळ्यांच्या ओळखीची. दुसरी अभ्यासाची: केंद्राच्या उन्नत भारत अभियानात कॉलेज निदान पाच गावं घेतं, राज्याच्या उन्नत महाराष्ट्र अभियानात एखाद्या योजनेची तांत्रिक तपासणी करून देतं.

शिबिराचा फायदा डोळ्यांना दिसतो. पन्नासेक पोरं सात दिवस शाळेत मुक्कामाला, हातांना तोटा नाही. घोडं अडतं तारखेवर. मातीच्या गोण्यांचा वनराई बंधारा घालायचा तो पाऊस सरताच, ओढा वाहता असताना. आमच्याकडे पोरांनी जानेवारीत गोण्या रचून देखणा बंधारा घातला, फोटो झाले, पण अडवायला पाणीच उरलं नव्हतं. चूक पोरांची नाही, तारीख आम्हीच मागून घ्यायला हवी होती. शिवाय शिबिराखेरीज प्रत्येक स्वयंसेवकाला वर्षाचे १२० तास काम असतं. ते मागता येतात, कुणी मागत नाही.

अभ्यासात मधले महिने काहीच दिसत नाही, सदस्य कुरकुरतात. पण आमच्या नळयोजनेचं दुखणं त्यातूनच सापडलं. दोन मुली बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन नळानळावर उभ्या राहिल्या. टाकीजवळच्या आळीत बादली मिनिटाच्या आत भरली, शेवटच्या ठाकरवाडीत सहा मिनिटं लागली. जलजीवन मिशनचा माणशी रोज ५५ लिटरचा निकष गावाच्या सरासरीत बसत होता, वाडीत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कागदावर नव्हतं. तालुक्याला तोच कागद पुढे केला. शिबिराची पोरं मात्र गाडी जाते तिथवरच काम करतात. वाडीवर त्यांना कुणी नेत नाही, म्हणजे आम्हीच नेत नाही.

अभ्यास म्हणजे नुसते फॉर्म भरणं नव्हे. एका कॉलेजनं ऐन लावणीत घरोघरी फॉर्म भरले. घरी होत्या त्या म्हाताऱ्यांनी सांगितलं ते लिहिलं, आणि फॉर्म गेले ते गेलेच. प्रत गावाला द्यायची, हे आधी लिहून घ्या.

काम ठरलेलं असेल, नुसते हात हवे असतील, तर शिबिर घ्या. कामावरूनच गावात दोन तट असतील तर अभ्यास. त्यासाठी आयआयटीच हवी असं नाही. मुंबई आयआयटीच्या सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रातल्या मुलांनी कर्जतकडच्या पाणीयोजना तपासल्यात, पण बादली मोजायला जवळचं पॉलिटेक्निकही पुरतं.

दोन्हींत एक ओळ ठरावात घालाच: एप्रिलअखेर विहिरीची पातळी मोजायला कोण येणार? परीक्षा आहेत, असं उत्तर येईल. मग दोर आणि वही पाणी सोडणाऱ्या आपल्या माणसाकडे द्या, आणि मोजायचं कसं ते पोरांनी त्याला जानेवारीतच शिकवून जावं.